नफा १५००, रोकड उणे ७०० : शाळेतल्या व्यवसाय विषयाचं एक प्रकरण

माध्यमिक शाळेत व्यवसाय हा विषय घेतलेली मुलं नफ्याची व्याख्या पाठ करतात, रोख प्रवाहाचीही करतात. दोन्ही बिनचूक लिहितात आणि दोन्हींना गुण मिळवतात. पण हातात मोठी ऑर्डर आहे, हिशेबात नफा आहे आणि पुरवठादाराला द्यायला पैसे नाहीत, असा दिवस कुठल्याच व्याख्येत येत नाही. माझ्या मते हा विषय शाळेत शिकवण्याचं खरं कारण त्या दिवसात आहे. अपुऱ्या माहितीवर, ठरलेल्या मुदतीत, दुसऱ्याच्या पैशांची जबाबदारी घेऊन निर्णय करायचा आणि तो का केला हे सांगायचं, एवढं करायला लावणारे विषय शाळेत फार नाहीत.

पुढचं प्रकरण वर्गात चर्चेला घेता यावं म्हणून मी रचलं आहे. त्यातली शाळा, मुलं आणि व्यवहार काल्पनिक आहेत. आकडे मात्र पडताळून पाहावेत असे आहेत, आणि वाचणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. चलनाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. कुठल्याही चलनात हिशेब तोच राहतो.

कंपनी कशी उभी राहिली

पंधरा-सोळा वर्षांच्या २० विद्यार्थ्यांचा वर्ग. विषयाचा प्रकल्प म्हणून एका सत्रापुरती छोटी कंपनी चालवायची होती. शाळकरी कंपनीची ही पद्धत आता जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ज्युनिअर अचिव्हमेंट या संस्थेने ती रुजवली: मुलांनी शेअर विकून भांडवल उभं करायचं, वस्तू बनवायची, विकायची आणि शेवटी हिशेब मिटवून भागधारकांना त्यांचे पैसे परत करायचे.

या वर्गाने पाठकोऱ्या कागदांच्या वह्या करायचं ठरवलं. शाळेच्या कार्यालयात एका बाजूने छापलेले कागद ढिगाने निघत आणि ते फुकट मिळणार होते. ५० चा एक असे ४० शेअर निघाले. प्रत्येक विद्यार्थ्याने एक घेतला, उरलेले २० पालकांनी आणि शिक्षकांनी. भांडवल झालं २०००.

एका वहीला पुठ्ठा ९, तारेची स्पायरल ६ आणि मुखपृष्ठाची छपाई ५, असा २० खर्च. हे सगळं साहित्य एकाच पुरवठादाराकडून येणार होतं. विक्रीची किंमत ३५ ठरली. बाइंडिंगचं यंत्र आणि स्टॉलची मांडणी यांचं भाडं मिळून महिन्याला ४००, आणि करार तीन महिन्यांचा. म्हणजे प्रत्येक वहीमागे स्थिर खर्चाच्या वाट्याला १५ उरतात आणि महिन्याला २७ वह्या विकल्या की भाडं निघतं. हा ब्रेक-इव्हनचा आकडा मुलांनी फळ्यावर मोठा लिहून ठेवला होता. पुढे जो गोंधळ झाला, त्यात या आकड्यावरच्या विश्वासाचा मोठा हात होता.

पहिल्या महिन्यात ६० वह्या तयार झाल्या, ५० विकल्या गेल्या, सगळ्या रोखीने. हाताने कागद कापून कडा वेड्यावाकड्या येत होत्या म्हणून ६०० ला एक कटर घेतलं. महिनाअखेर १५५० हातात होते आणि सगळे खुशीत होते.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला विक्री सांभाळणाऱ्या मुलाने एका प्रशिक्षण संस्थेकडून १२० वह्यांची ऑर्डर आणली. एकगठ्ठा घेणार म्हणून किंमत ३०, आणि पैसे माल पोहोचल्यावर ६० दिवसांनी. त्याने तिथल्या तिथे होकार दिला. वर्गात त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. तीन वाक्यांत आपला माल समजावून सांगून परक्या माणसाकडून होकार मिळवणं सोपं नाही. ऑर्डरच्या १२० आणि स्टॉलसाठी आणखी ४० अशा १६० वह्यांचं साहित्य ३२०० चं. पुरवठादाराने निम्मे पैसे लगेच आणि निम्मे पुढच्या महिनाअखेर घ्यायचं कबूल केलं. माल दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संस्थेत पोहोचला. स्टॉलवरही ४० वह्या खपल्या.

दोन कागद

तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिशेब ठेवणाऱ्या मुलीने दोन कागद टेबलावर ठेवले. पहिल्यावर नफा होता. पहिल्या महिन्यात ५० वह्यांवर १५ प्रमाणे ७५०, त्यातून भाडं वजा जाता ३५०. दुसऱ्या महिन्यात ऑर्डरच्या १२० वह्यांवर १० प्रमाणे १२००, स्टॉलच्या ४० वर ६००, भाडं वजा जाता १४००. तिसरा महिना परीक्षेचा. आधीच्या शिल्लक १० वह्या तेवढ्या खपतील, नव्या करायच्या नाहीत. त्यामुळे १५० मिळतील, ४०० भाड्यात जातील आणि २५० चा तोटा होईल. तिन्ही महिने मिळून नफा १५००.

दुसरा कागद असा होता:

| | पहिला महिना | दुसरा महिना | तिसरा महिना (अंदाज) |
|---|---|---|---|
| सुरुवातीची रोकड | २००० | १५५० | ९५० |
| रोखीची विक्री | १७५० | १४०० | ३५० |
| साहित्याचे दिलेले पैसे | १२०० | १६०० | १६०० |
| भाडं | ४०० | ४०० | ४०० |
| कटर | ६०० | – | – |
| अखेरची रोकड | १५५० | ९५० | उणे ७०० |

विक्रीवाला मुलगा बराच वेळ दोन्ही कागद पाहत राहिला आणि म्हणाला, "नफा झालाय ना? मग पैसे गेले कुठे?"

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. शिकवणाऱ्याने इथे उत्तर द्यायची घाई करू नये. वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटतं की कुठेतरी बेरीज चुकली. काहींना वाटतं, कोणीतरी पैसे घेतले असतील. हा संशय बोलून दाखवला जात नाही, पण तो असतो, आणि दोन महिने एकत्र काम केलेल्या मुलांमध्ये तो राहू देणं बरं नाही.

हिशेब ठेवणाऱ्या मुलीने तिसरा कागद घेतला आणि मधोमध रेघ ओढली. एका बाजूला कंपनीकडे पैसे आले कुठून: भांडवल २०००, नफा १५००, एकूण ३५००. दुसऱ्या बाजूला ते आहेत कुठे: प्रशिक्षण संस्थेकडून येणं ३६००, कटर ६००, रोकड उणे ७००. बेरीज ३५००. एक दमडी हरवलेली नव्हती. पैसे संस्थेच्या उधारीत आणि कटरच्या पात्यात होते.

दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत या नियमावर उभी असलेली द्विनोंदी पद्धत व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते. लुका पाचिओली या गणितज्ञाने १४९४ साली ती छापील ग्रंथात समजावून सांगितली. परीक्षेपुरता हा इतिहास कोणी विचारत नाही. पण एका मुलीने रेघ ओढून वर्गातला संशय दहा मिनिटांत मिटवला, तेव्हा ही पद्धत पाचशे वर्षं का टिकली हे वर्गाला वेगळं सांगावं लागत नाही.

मॅडमनी काय केलं

शाळेच्या उपक्रम निधीतून ७०० देणं हा विषय शिकवणाऱ्या मॅडमना सहज शक्य होतं. प्रकल्प शांतपणे पुढे गेला असता. त्यांनी ते दिले नाहीत. मुलांना त्यांनी एवढंच सांगितलं: "पुरवठादाराला ठरल्या दिवशी पैसे मिळायला हवेत. अजून तीन आठवडे आहेत. पर्याय लिहून आणा, प्रत्येकाची किंमत काढून आणा." मुख्याध्यापकांना मात्र त्यांनी वेगळं कळवून ठेवलं, की मुलांना मार्ग सापडला नाही तर त्या दिवशी सकाळी निधीतून पैसे द्यायचे.

ही दुसरी गोष्ट मुलांना माहीत नव्हती, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. चुकून शिकणं चांगलं, असं शिक्षणात नेहमी म्हटलं जातं. पण मुलांच्या चुकीचा भुर्दंड पुरवठादाराने का सोसावा? त्याने खरा पुठ्ठा दिला आहे आणि त्याचंही घर त्यावर चालतं. शाळेबाहेरच्या माणसाशी व्यवहार करणाऱ्या प्रकल्पात अशी तरतूद आधीच करून ठेवावी आणि तिच्याबद्दल गप्प राहावं. ती आहे हे कळलं की मुलं पर्याय शोधायचं सोडून तिच्याच भरवशावर बसतात.

पर्याय आणि त्यांची किंमत

भाडं वाचवता येईल का, हा विचार सगळ्यांच्या आधी मनात आला. तिसऱ्या महिन्यात एकही वही शिवायची नव्हती, यंत्र नुसतं पडून राहणार होतं. पण करार तीन महिन्यांचा. यंत्र परत केलं तरी ४०० द्यावेच लागणार. उत्पादन शून्य झालं तरी न हलणारा खर्च म्हणजे स्थिर खर्च, ही ओळ मुलांनी अनेकदा लिहिली होती. आता ती आडवी आली तेव्हा कळली.

कटर विकायचं? ते पुढच्या सत्राच्या वर्गाला हवं होतं, ४०० देऊन ते घेतीलही. पण ते सत्र चौथ्या महिन्यात सुरू होणार, आणि आज कोणी घेणारा नव्हता. इथे हिशेब ठेवणारी मुलगी थांबली. ६०० चं कटर ४०० ला जाणार असेल तर उरलेले २०० कुठे धरले आहेत? नफ्याच्या कागदावर ते कुठेच नव्हते. घसारा, म्हणजे वापराने वस्तूची घटणारी किंमत, धरलाच नव्हता. खरा नफा १५०० नसून १३०० होता. म्हणजे सगळं मिटल्यावर भागधारकांना वाटायला ३३०० राहतील, एका शेअरला ८२.५०. हा आकडा त्यांनी फळ्यावर ब्रेक-इव्हनच्या २७ शेजारी लिहिला आणि पुढचा प्रत्येक पर्याय त्याच्याशी ताडून पाहिला.

पुरवठादाराकडे मुदत मागणं. यात कागदावर काहीच जात नाही, ८२.५० तसेच राहतात. मुलांचा कल आधी इकडेच होता. दोघांनी जाऊन विचारलं. पुरवठादार म्हणाला, दोन आठवडे थांबेन, त्यापुढे मलाच कागदगिरणीचे पैसे द्यायचे असतात. संस्थेचे पैसे येणार होते महिन्याने. त्यामुळे हा मार्ग बंद झाला, पण त्या दोघांना एक गोष्ट कळली, की आपली उधारी दुसऱ्या कोणाच्या तरी रोकडीवर उभी असते. हा प्रश्न शाळकरी कंपनीपुरता नाही. मोठ्यांनी छोट्यांचे पैसे अडकवून ठेवू नयेत म्हणून कायदे करावे लागले आहेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने व्यवसाया-व्यवसायातल्या देण्यांसाठी साधारण ६० दिवसांची मर्यादा घातली. भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी ती जास्तीत जास्त ४५ दिवस आहे. वर्गात या दोन ओळी वाचून दाखवल्या की मुलांना आपली अडचण क्षुल्लक वाटेनाशी होते.

नवे शेअर काढणं. १४ शेअर विकले की नेमके ७०० येतात. घ्यायला पालक तयार होते आणि बऱ्याच मुलांना हा मार्ग "फुकटचा" वाटत होता, कारण व्याज नाही आणि परतफेडीची तारीख नाही. मग कोणीतरी भागाकार केला. ३३०० मध्ये ७०० मिळवले, ४००० झाले, आणि ते आता ५४ शेअरमध्ये वाटायचे. एका शेअरला जेमतेम ७४. धोका जवळजवळ संपल्यावर आलेले लोक पहिल्यापासूनच्या लोकांइतकाच वाटा घेऊन जाणार होते. नवं भांडवल फुकट नसतं. त्याची किंमत खर्चाच्या यादीत दिसत नाही, म्हणून ते फुकट वाटतं.

कर्जाचा विचार लवकर संपला. अल्पवयीन मुलांच्या सत्रापुरत्या कंपनीला कर्ज देणार कोण?

राहिली प्रशिक्षण संस्था. लवकर पैसे दिले तर ५ टक्के सूट द्यायची, असा प्रस्ताव विक्रीवाल्या मुलानेच मांडला. ३६०० वर सूट १८०. वाटायला उरतील ३१२०, शेअरला ७८. नव्या शेअरपेक्षा हे बरंच बरं. वर्ग हात वर करून मोकळा होणार होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "आपल्याला ३६०० कशाला हवेत? कमी तर ७०० च पडतायत."

हे वाक्य ज्या वर्गात येतं त्या वर्गात विषय पोहोचला असं मी समजेन. अडचण ७०० ची आणि उपाय ३६०० वर सूट देण्याचा, यातली विसंगती वीस जणांपैकी एकीला दिसली. फक्त ८०० लवकर मागायचे, तेवढ्यावरच ५ टक्के सूट द्यायची, म्हणजे सूट ४०, हातात ७६०. वाटायला ३२६०, शेअरला ८१.५०. अडचणीची किंमत शेअरमागे एकावर आली.

हेही पैसे स्वस्त नव्हते, हे मात्र नोंदवायला हवं. ७६० महिनाभर आधी मिळावेत म्हणून ४० सोडले, म्हणजे महिन्याला ५ टक्क्यांहून जास्त, आणि साध्या हिशेबाने वर्षाला सुमारे ६३ टक्के. एकदा निभावून न्यायला हे ठीक आहे. दर महिन्याला असंच करणारा व्यवसाय सूट देण्यातच नफा घालवून बसेल.

पत्राचा पहिला मसुदा असा होता: "आमची कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आहे. तरी कृपया आमचे पैसे लवकर देऊन सहकार्य करावे." मॅडमनी तो वाचून एकच विचारलं, की हे पत्र मिळाल्यावर तुम्ही या कंपनीला पुन्हा ऑर्डर द्याल का. दुसऱ्या मसुद्यात अडचणीचा शब्दही नव्हता: "आपल्या ३६०० च्या बिलापैकी ८०० या महिनाअखेरपर्यंत दिल्यास त्या रकमेवर ५ टक्के सूट देऊ. उरलेल्या २८०० ची मुदत ठरल्याप्रमाणेच राहील. सूट न घेतल्यास मूळ अटी कायम आहेत." संस्थेने सूट घेतली.

तिसऱ्या महिनाअखेर पुरवठादाराला १६०० देऊन कंपनीकडे ६० उरले. चौथ्या महिन्यात २८०० आले, कटरचे ४०० आले, ३२६० वाटून झाले. ५० च्या शेअरला ८१.५०. निधीला हात लावावा लागला नाही.

उत्तरपत्रिका

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण शाळेतला विषय शेवटी उत्तरपत्रिकेवर तपासला जातो, आणि मला या प्रकरणाचा तो भाग जास्त विचार करायला लावणारा वाटतो.

व्यवसाय विषयाच्या बहुतेक चांगल्या परीक्षा चार गोष्टींना गुण देतात: ज्ञान, उपयोजन, विश्लेषण आणि मूल्यमापन. ही विभागणी बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या उतरंडीशी मिळतीजुळती आहे. केंब्रिजच्या आयजीसीएसई या माध्यमिक शाळेच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत या विषयाचा दुसरा पेपर गेली अनेक वर्षं एकाच उद्योगाच्या प्रकरणावर बेतलेला असतो. नुसती व्याख्या तिथे थोडेच गुण देते. आता विक्रीवाल्या मुलाचं सत्राच्या सुरुवातीचं उत्तर पाहा. प्रश्न होता, नफ्यात असलेल्या एका उद्योगाला रोकड कमी पडते आहे, त्याने नवे शेअर काढावेत की ग्राहकांकडून लवकर पैसे घ्यावेत, कारणांसह ठरवा.

"रोख प्रवाह म्हणजे व्यवसायात येणारा आणि जाणारा पैसा. शेअर काढल्यास व्याज द्यावे लागत नाही. परंतु मालकी विभागली जाते. ग्राहकांकडून लवकर पैसे घेतल्यास रोकड वाढते. परंतु ग्राहक नाराज होऊ शकतात. अशा प्रकारे दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे आहेत. म्हणून उद्योगाने विचारपूर्वक निर्णय घ्यावा."

यात चूक वाक्य एकही नाही. पण हे उत्तर कुठल्याही उद्योगाला लागू पडतं, म्हणून ते कुठल्याच उद्योगाचं नाही. किती रोकड कमी पडते, किती काळासाठी, ग्राहक एक आहे की शंभर, यातलं काहीही त्यात नाही. आणि निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तो उद्योगावर सोपवून दिला. अशी उत्तरं मुलं आळसाने लिहीत नाहीत. "फायदे लिहा, तोटे लिहा, शेवटी समारोप करा" हा साचा त्यांना शिकवलेला असतो, आणि त्यात कोणाचंच नुकसान होत नसल्याने कोणतीच बाजू घ्यावीशी वाटत नाही.

कंपनीनंतर त्याच मुलाने तशाच प्रश्नाला लिहिलं: तूट एका महिन्याची आहे, येणं नक्की आहे आणि एकाच ग्राहकाकडे आहे, त्यामुळे कायमचा वाटा देऊन तात्पुरती अडचण सोडवणं महाग पडेल, तुटीइतकीच रक्कम सूट देऊन मागावी, ग्राहकाचा भरवसा नसता तर मी शेअर काढले असते. शेवटच्या वाक्यात त्याने आपला निर्णय कशावर अवलंबून आहे हे सांगितलं. मूल्यमापनाचे गुण तिथे मिळतात.

यानंतरची चाचणी मात्र शिकवणाऱ्याने नीट पाहावी अशी आहे. नव्या प्रकरणातला उद्योग एक वस्तू १८ ला विकत होता आणि तिचा बदलता खर्च, म्हणजे प्रत्येक नगामागे होणारा खर्चच, २१ होता. रोकड आटत चालली होती. विक्रीवाल्या मुलाने लिहिलं, "ग्राहकांकडून लवकर पैसे घ्यावेत, थोडी सूट द्यावी." हिशेब ठेवणाऱ्या मुलीनेही जवळपास तेच लिहिलं. प्रत्येक विक्रीत ३ गमावणाऱ्या उद्योगाने सूट देणं म्हणजे तोटा आणखी वाढवणं. पण रोकड कमी दिसली की लवकर पैसे मागायचे, हा आता त्यांचा नवा साचा झाला होता. व्याख्येच्या जागी अनुभव पाठ झाला होता.

एकच प्रकरण कितीही जिवंत केलं तरी हे होतं. ज्या गोष्टीसाठी आपण घाम गाळला तिचं उत्तर मनात पक्कं बसतं आणि प्रश्न बदलला तरी तेच वर येतं. त्यामुळे हे प्रकरण वापरणाऱ्यांना माझी एक आग्रहाची विनंती आहे. कंपनीचा हिशेब मिटल्यावर पंधरवड्याच्या आत मुलांसमोर याच्या नेमकं उलट प्रकरण ठेवा, ज्यात रोकड भरपूर आहे आणि नफा नाही. मी ठेवतो ते असं.

सायकल दुरुस्तीची एक सेवा. १०० सभासदांनी वर्षाची वर्गणी ६० प्रमाणे आगाऊ भरली, ६००० जमा झाले. दर सभासदामागे दर महिन्याला ६ खर्च येतो. तीन महिन्यांनी १८०० खर्च होऊन ४२०० हातात आहेत. चालकांना वाटतं की पैसा पडून आहे, एक मोठी जागा भाड्याने घ्यावी. घ्यावी का?

मुलांनी आधी घाईने उत्तर लिहू नये म्हणून पहिली दहा मिनिटं पेन खाली ठेवायला सांगा. ६००० पैकी तीन महिन्यांत कमावलेले फक्त १५००, आणि त्यावर खर्च १८००. म्हणजे आतापर्यंतच ३०० चा तोटा. उरलेल्या नऊ महिन्यांची सेवा अजून द्यायची आहे, तिला ५४०० लागतील, आणि हातात आहेत ४२००. वर्षाअखेर १२०० कमी पडणार हे आज कळतं, पण गल्ल्यात पाहिलं तर कळत नाही.

विक्रीवाल्या मुलाला हे प्रकरण दिलं तेव्हा त्याने रेघ ओढून दोन्ही बाजू मांडल्या. ४२०० च्या समोर त्याने "अजून न दिलेली सेवा ४५००" असं देणं लिहिलं, जागा घेऊ नये असा निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी वर्गणी किमान ७२ करावी असं सुचवलं. वर्गणी वाढवल्यावर किती सभासद सोडून जातील, आणि खर्चाचा काही भाग स्थिर असेल तर तेवढे गेल्यावर नेमकी कुठली वर्गणी परवडेल, हे त्याने पाहिलं नव्हतं. १२ पैकी ९ गुण मिळाले, आणि उरलेल्या तिनांसाठी तो मॅडमकडे उत्तरपत्रिका घेऊन गेला.